हत्तरकी सर आणि नात्याचा रकाना

हत्तरकी सरांकडं पासपोर्ट नव्हता. सोलापूर सोडून लांबात लांब ते विजापूरला गेले होते, तेही तीन वेळा आणि तिन्ही वेळा कुणाच्या तरी मातीला. पण पोर्तुगालनं क्रिप्टोवर कर बसवला हे कळलं त्या दिवशी सर दुपारचे जेवले नाहीत. डबा उघडला, कडक भाकरीचा तुकडा मोडला, तसाच ठेवला आणि म्हणाले, "बाई, पोर्तुगालपण बिघडलं की."

आवाज असा, की जणू लेकीच्या सासरी काहीतरी विपरीत घडलंय. मी म्हटलं, "सर, आपलं कोण आहे तिथं?"

"कोण नाही. पण चांगलं होतं बिचारं. आता वर्षाच्या आत विकलं की कर घेणार म्हणे."

मग डबा बंद करून त्यांनी नकाशासंग्रह काढला आणि पोर्तुगालवरची बरोबरची खूण खोडून तिथं अर्धी फुली मारली.

हे आमचे गुरुपादप्पा हत्तरकी, कर सल्लागार. शुक्रवार पेठेत किराणा दुकानाच्या वर एक खोली, दोन टेबलं आणि फिरताना कुरकुरणारा एक पंखा, एवढं त्यांचं ऑफिस. त्यातल्या एका टेबलावर मी सतरा वर्षं टायपिंग केलं. सर जाऊन आता दीड वर्ष झालं. तो नकाशासंग्रह माझ्याकडं आलाय. शाळेतला आहे, इतका जुना की त्यात सोव्हिएत रशिया अजून अखंड आहे. सरांना त्याचं काही वाटायचं नाही. "देश फुटू दे नाहीतर जुळू दे," म्हणायचे, "कर कुठला सुटतोय?"

कपाळाला भस्म, गळ्यात इष्टलिंग, खिशात दोन पेन आणि एक पेन्सिल. निळं पेन सहीला, काळं पेन आकड्यांना, पेन्सिल नकाशाला. काळ्यानं सही केलेली मी सतरा वर्षांत एकदाही पाहिली नाही. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर म्हणायचे, "विवरणपत्र वेळेवर भरण्यात वेळ गेला."

क्रिप्टो सरांच्या आयुष्यात फी म्हणून आलं. आठेक वर्षांमागं बेंगळुरूहून परतलेला एक इंजिनिअर आला. सरांनी त्याचं तीन वर्षांचं तुंबलेलं काम करून दिलं, आणि शेवटी त्यानं खिसा उलटा करून दाखवला. म्हणाला, "सर, पैसे नाहीत, पण ही नाणी घ्या." नाणी म्हणायची, पण हातात काहीच नाही. मोबाईलवर नुसते आकडे. दुसऱ्या कुणी त्याला जिन्यावरून खाली सोडला असता. सरांनी त्या दिवशीचा भाव काढला, मला लिहून घ्यायला लावला आणि तेवढी रक्कम त्या वर्षी स्वतःच्या उत्पन्नात धरून कर भरला. तेव्हा ह्याच्यावर काही धड कायदासुद्धा नव्हता. त्या इंजिनिअरनं किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द दिले होते. कागदावर लिहिले तर चोरी होते असं बजावलं होतं, म्हणून सरांनी ते पाठ केले. सकाळी ऑफिसात आले की लिंगाला हात लावून ते बारा शब्द पुटपुटायचे. पुटपुटायचे म्हणजे काय, जिन्यात ऐकू यायचे. महिनाभरात मलाही पाठ झाले. मी प्रामाणिक बाई आहे म्हणून बरं.

पुढं नाण्यांचा भाव चढला, आपल्याकडं कायदा आला आणि पेठेतली पोरं मोबाईल घेऊन जिना चढू लागली. प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच: "सर, हे आपल्याकडं चालतं का?" सर सरळ उत्तर कधी द्यायचे नाहीत. "आधी जग बघू," म्हणून नकाशा उघडायचे. पोरगं घड्याळाकडं बघतंय, खाली त्याची गाडी रस्त्यात आडवी लावलेली, आणि सर चीनपासून सुरुवात करतायत.

"समज, दारात अनोळखी पाहुणा आलाय. चीन काय करतं? दार लावून घेतं. जपान पंगतीला बसवतं, पण ताटातलं निम्मं उचलतं. दुबईला विचारणारंच कुणी नाही, ये, बस, खा. जर्मनी म्हणते, वर्षभर गप बसलास तर तू घरचा, मग तुझ्याकडनं काही घेणार नाही. तो एक छोटा देश आहे, एल साल्वाडोर, त्यानं तर सरकारी चलन म्हणून पाहुण्याला जावईच करून घेतलं. मग तीन-चार वर्षांनी म्हणाले, ज्याला पाहिजे त्यानं ठेवून घ्या, जबरदस्ती नाही."

"आणि आपण, सर?"

"आपण ये म्हणत नाही, जा म्हणत नाही. पण चप्पल काढायच्या आधी तीस टक्के घेतो."

एकदा अक्कलकोट नाक्यावरचा एक पोरगा आला. एका नाण्यात त्याला फायदा झालेला, दुसऱ्यात तेवढाच तोटा. त्याचं म्हणणं, फिट्टंफाट झाली, कर कसला? सरांनी समजावलं, की आपल्याकडं ह्याचा तोटा त्याच्या फायद्यातून वजा होत नाही, अमेरिकेत असतास तर झाला असता. पोरगा दोन मिनिटं नकाशाकडं बघत बसला आणि म्हणाला, "मग मी अमेरिकेत हाय असं दाखवा की."

"तसं दाखवायला आधी तिथं असावं लागतं, बाबा."

"एवढं जग दाखवलं, आता तेवढं एक दाखवा की सर!"

सरांना हसू आलं, पण कर काही कमी झाला नाही.

ह्या माणसाची दुसरी खोड म्हणजे नातं. कुणी म्हणालं की हे पैसे बक्षीस मिळालेत, की सरांचा प्रश्न आलाच: "कुणाकडनं? सख्खा की मानलेला?" कारण कायदा असा, की जवळच्या नातेवाइकानं दिलं तर घेणाऱ्याला कर नाही; परक्यानं पन्नास हजारांच्या वर दिलं तर आहे. आणि जवळचं म्हणजे कोण, याची कायद्यात यादी आहे. आता सोलापुरात परकं कोण असतं, सांगा. इथं रिक्षावाला मामा, भाजीवाली मावशी, भांडण झालं तरी आधी 'ओ काका' म्हणून सुरुवात. मैंदर्गीचा एक व्यापारी मामानं दिलेल्या रकमेचा कागद घेऊन आला होता. सरांनी खोदून विचारलं तेव्हा तो आईचा चुलतभाऊ निघाला.

"आईचा सख्खा भाऊ नाही?"

"सख्ख्यापेक्षा जास्त हाय की ओ सर!"

"सख्ख्यापेक्षा जास्त चालत नाही. बरोबर सख्खाच पाहिजे."

तो माणूस हात जोडून म्हणाला, त्यानं मला लहानाचा मोठा केला. सरांनी काळं पेन उचललं. "कागदाला माया नसते," म्हणाले आणि 'मामा' हा शब्द खोडला. त्या दिवशी मला सरांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

आता रत्नाक्का. सरांच्या घरासमोर राहायच्या, ऑफिसच्याच गल्लीत. कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा त्यांचा धंदा. सरांचा डबा त्यांच्याकडूनच यायचा. मैंदर्गीहून लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्या नागपंचमीला गल्लीतल्या सगळ्या बायकांना त्यांचे भाऊ माहेरी न्यायला आले, आणि ही नवी सून दारात बसून बघत राहिली. भाऊच नव्हता. चार बहिणी, भाऊ एकही नाही. सरांनी स्कूटर काढली, दारासमोर तीन वेळा हॉर्न वाजवला आणि तिच्या सासूला म्हणाले, "मी मैंदर्गीलाच चाललोय, सोडतो हिला." मैंदर्गीत सरांचं काडीचं काम नव्हतं. तेव्हापासून दरवर्षी पंचमीला तेच: स्कूटर, तीन हॉर्न, आणि "मी मैंदर्गीलाच चाललोय." रत्नाक्का त्यांना अण्णा म्हणायच्या. त्यांची मुलगी भाग्यश्री हिचं जावळ सरांच्याच मांडीवर झालं. ती एकटीच सरांना मामा म्हणायची. सगळी पेठ त्यांना सर म्हणायची, पण मामा म्हणणारी ही एकच.

भाग्या शिकून फिजिओथेरपिस्ट झाली आणि तिला पेठेतच दवाखाना काढायचा होता. यंत्रं महाग. बँकेचे हेलपाटे चाललेले. एका सोमवारी सर ऑफिसात आले, बारा शब्द म्हणाले आणि थाटात उभे राहिले. "बाई, कागद लावा. बक्षीसपत्र करायचंय. माझी सगळी नाणी भाग्याला."

मी टाईप करायला लागले. सर हात मागं बांधून फेऱ्या मारत सांगत होते. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. "मी, गुरुपादप्पा मल्लप्पा हत्तरकी, माझी भाची कुमारी भाग्यश्री हिला प्रेमापोटी... झालं? आता नात्याचा रकाना. लिहा, मामा. म्हणजे पोरीला कर शून्य."

माझी बोटं थांबली. इतकी वर्षं एकच प्रश्न ऐकलेला, तो माझ्याच तोंडून बाहेर पडला. "सर, सख्खा की मानलेला?"

"सख्खा की!" सर ठसक्यात म्हणाले आणि पुढच्या पावलावर थांबले. पंखा कुरकुरत होता. ते खुर्चीत बसले. "तिच्या आईला भाऊच नाही की," दुसऱ्या कुणाची फाइल वाचावी तसं हळू म्हणाले. अख्ख्या पेठेला सख्खा की मानलेला म्हणून छळणारा हा माणूस, आणि आपण स्वतः मानलेले आहोत हे साफ विसरून गेला होता! मला आधी हसू आलं, मग त्यांचा चेहरा बघून ते गिळलं.

त्यानंतर आठवडाभर सरांनी ऑफिसात दुसरं काम केलं नाही. जगातला एकतरी देश असा असेल, की जिथं मानलेल्या मामाला मामा धरतात, तो शोधायला बसले. मोबाईलवर वाचायचे, नकाशावर पेन्सिलनं लिहायचे, मला सांगायचे. "अमेरिकेत बक्षिसाला नातंच विचारत नाहीत, बाई. मामा काय, पोस्टमन काय, सारखाच. इंग्लंडचं तर विचारू नका. मायेनं दिलं तरी म्हणतात, तू विकलंस असं धरतो, भर कर." शुक्रवारी मात्र ओरडलेच, "सापडलं! जर्मनी! ठरावीक रकमेपर्यंत मामाला जेवढी सूट, तेवढीच मानलेल्याला!"

मी म्हटलं, "बघा, म्हणजे मानलेल्याला मान आहे."

सरांनी पुन्हा वाचलं. चेहरा पडला. "नाही हो. त्यांनी सख्ख्यालाच परका करून ठेवलाय." आणि जर्मनीवर एवढी मोठी फुली मारली, की कागद फाटला. अजून फाटलेलाच आहे.

वाटा होत्या, नाही असं नाही. मृत्युपत्रानं दिलं तर कर नाही. मुलीच्या लग्नात दिलं तरी नाही. दोन्हीकडं नातं विचारत नाहीत. "म्हणजे एकतर तिचं लग्न नाहीतर माझं मरण," सर म्हणाले. "आणि पोरीला यंत्र पाहिजे आत्ता." तिसरी वाट सगळ्यात सोपी, गप 'मामा' लिहायचं. कोण विचारायला येणार होतं? ती वाट रत्नाक्कांनीच दाखवली. सर त्यांना सांगायला गेले, की कागदावर नातं लिहिता येणार नाही, कर भरावा लागेल. त्या भाकरीचा हात तसाच घेऊन सरांच्या मागोमाग आमच्या जिन्यात आल्या.

"येन हेळ्तीरी अण्णा? काय बोलता हे? तीस पंचम्या नेलंत मला, त्या काय खोट्या? साक्षीला अख्खी पेठ उभी करते!"

"साक्ष खरी आहे, रत्ना. कागद खोटा होतो."

"होऊ दे की एक कागद खोटा!"

"मी लोकांचे खोडलेत," सर म्हणाले. "कागदाला माया नसते."

"आन् तुमास्नी?"

रत्नाक्का जिना उतरून गेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून डबा बंद झाला. सर कोपऱ्यावरच्या हॉटेलातली पोळी आणायचे आणि अर्धी टाकून द्यायचे. भाग्या समजूतदार पोर. तिनं सांगितलं, मामा, तुम्ही लिहाल ते बरोबर. मग सरांनी मला पुन्हा कागद लावायला सांगितला. माझी भाची हे शब्द काढले. नात्याच्या रकान्यात 'नाही' लिहायला लावलं. दोन अक्षरांचा शब्द, आणि तो टाईप करताना मला रडू फुटलं. सर खिडकीतून खाली बघत उभे होते. कराला पैसे कमी पडू नयेत म्हणून त्यांनी स्वतःच्या मुदतठेवीतली रक्कमही त्यात घातली, आणि त्या जास्तीच्या रकमेवरचा करसुद्धा मोजला. सोलापुरात लोकांचा कर वाचवून देण्यात ह्यांचा हात धरणारा नव्हता, आणि स्वतःच्या वेळी दमडी वाचवली नाही शहाण्यानं.

पंचमी आली. मी त्या दिवशी मुद्दाम ऑफिस उघडलं, कारण खिडकीतून रत्नाक्कांचं दार दिसतं. दहाला स्कूटर आली. तीन हॉर्न. दार बंद. पुन्हा तीन. गल्लीतल्या बायका बाहेर आल्या. सर गाडीवर ताठ बसलेले, समोर बघत, कानाची पाळी लाल झालेली. मला वाटलं, आता हा माणूस परत फिरणार आणि पुन्हा कधी हॉर्न वाजवणार नाही.

तेवढ्यात दार उघडलं. रत्नाक्का दारात, पिशवी हातात, पण पायरी उतरेनात. "कागदावर तुमी माझं कुणी न्हाय. मग न्यायला कशापायी आला?"

सर म्हणाले, "कागद ऑफिसात ठेवून आलोय. बस. मी मैंदर्गीलाच चाललोय."

रत्नाक्का हसल्या, मग रडल्या, मग गाडीवर बसून सरांच्या पाठीत एक गुद्दा घातला. माहेराहून परतल्या आणि मंगळवारी डबा आला, तोही दोन माणसांचा.

दवाखाना चालला. दोन वर्षांनी भाग्याचं लग्न ठरलं. पेठेतल्या प्रत्येकानं सरांना ऐकवलं, की थोडं थांबला असता तर सगळा कर वाचला असता. सर म्हणायचे, "आणि मधल्या दोन वर्षांत ज्यांच्या कमरा सुधारल्या, त्यांनी काय करायचं होतं?"

लग्नात आहेराच्या टेबलावर मला बसवलं होतं, ऑफिसची बाई, अक्षर बरं म्हणून. नाव आणि रक्कम, नाव आणि रक्कम, माझा हात दुखायला आलेला. सर आले. नवं धोतर, डोक्याला फेटा, तो आधीच एका कानावर कललेला. पाचशे एक रुपयांचं पाकीट ठेवलं. मी नाव लिहिलं, रक्कम लिहिली. सर हलेनात.

"पुढं नातं लिहा, बाई."

"आहेराच्या वहीत नातं कोण लिहितं, सर?"

"लिहा. मुलीचा मामा."

मी पेन उचलून धरलं. मला राहवेना. "सख्खा की मानलेला?"

सर टेबलावर वाकले. डोळ्यांत असं हसू होतं, की मला वाटतं, ह्या उत्तराची तयारी त्यांनी दोन वर्षं केली असणार. "लग्नाच्या आहेराला कायदा नातं विचारत नाही. जिथं विचारतच नाहीत, तिथं लिहिलं तर खोटं कसं होईल?"

मी लिहिलं. तेवढ्यात माइकवर पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं!" सर जागचे हलले नाहीत. चष्मा लावून ते दोन शब्द वाचले, खिशातनं निळं पेन काढलं आणि त्याखाली सही करायला लागले. माइकवाला दुसऱ्यांदा ओरडला, "मुलीचे मामा कुठं आहेत?"

"हितं आहे की!" सरांनी मान वर न करता हात उंच केला. "आलोच. सही करतोय."

सही करून, पेनाला टोपण लावून, कललेला फेटा एका हातानं धरून ते घाईघाईनं आत गेले. त्यानंतर सर मला ऑफिसात बरेच दिवस भेटले, पण आठवतात ते तसेच, पाठमोरे, फेटा धरून पळणारे.

ती वही भाग्याकडं आहे. परवा तिच्याकडं गेले होते तेव्हा काढून बघितली. तीनशेच्या वर नावं आहेत माझ्या अक्षरात. सगळ्यांपुढं नुसत्या रकमा आहेत. नातं एकाच नावापुढं लिहिलेलं आहे.